ओटीवरून : दिव्याखालचा खेळ

आमच्या घरांत रात्रीं दिवे केव्हां मालवावयाचे यावरून माझ्या आठवणींत दोनच वेळां कडाक्याचा वाद झाला. पहिला १९९२ सालीं, आणि दुसरा गेल्या वर्षीं मार्गशीर्षांत. दोन्ही वेळां वादाचें मूळ एकच होतें. तें म्हणजे हाताच्या पंजांत मावणारी एक राखी रंगाची डबी. दोन्ही वेळां निकाल देण्याचें काम घरांतला मास्तर म्हणून माझ्याकडेच आलें, आणि दोन्ही वेळां मीं डबी जप्त केली. तेव्हां या जप्तीचा हिशेब वाचकांपुढें मांडणें मला प्राप्त आहे.

ज्यांच्या घरीं ही वस्तु कधीं आली नाहीं, त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. डबीचें नांव 'गेम बॉय'. जपानांतील क्योतो येथील निन्टेंडो कंपनीनें ती १९८९ च्या एप्रिलांत विक्रीस काढली. ही कंपनी १८८९ सालीं निघाली तेव्हां फुलांचीं चित्रें असलेले खेळण्याचे पत्ते करीत असे. म्हणजे पत्त्यांपासून या डबीपर्यंत यावयास तिला बरोबर शंभर वर्षें लागलीं. डबी घडविणाऱ्या मंडळींचे प्रमुख गुन्पेइ योकोइ यांचा असा आग्रह असे कीं, खेळण्यासाठीं नवी आणि महाग विद्या वापरूं नये; जी जुनी, स्वस्त आणि अंगवळणीं पडलेली आहे तिचाच निराळा उपयोग करावा. म्हणून या डबीच्या पडद्याला रंग नाहींत, हिरवट काळ्या रंगाच्या चार छटा तेवढ्या आहेत. आणि पडद्याला स्वतःचा उजेडहि नाहीं. चार पेन्सिल-सेलांवर ती पुष्कळ दिवस चालते, पण खेळावयाचें तर दिव्याखालीं जाऊन बसावें लागतें. ही उजेडाची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व प्रकरण तीमुळें उघडकीस आलें.

डबींत बसविलेला खेळ 'टेट्रिस'. हा मात्र जपानचा नव्हे. मास्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक-केंद्रांत काम करणाऱ्या अलेक्सेइ पाजित्नोव्ह यांनीं तो १९८४ सालीं रचला. पांच-पांच चौकोनांचे बारा लांकडी तुकडे एका पेटींत नीट बसवावयाचें एक जुनें कोडें आहे. तें त्यांच्या डोक्यांत होतें. पांचाऐवजीं चार चौकोन घेतले तर तुकडे होतात सात. हे तुकडे वरून एकेक करून खालीं येतात. ते येतां येतां फिरवावयाचे, डावीउजवीकडे सरकवावयाचे आणि खालच्या थरांत बसवावयाचे. दहा घरांची आडवी ओळ कोठेंहि भोंक न राहतां भरली कीं ती ओळ नाहींशी होते आणि वरचा ढीग एक पायरी खालीं बसतो. भोंक राहिलें तर ओळ तशीच राहते आणि ढीग वाढत जातो. दर दहा ओळींनीं तुकड्यांचा वेग वाढतो. या डबींत ढिगाची उंची अठरा घरांची. ढीग माथ्याला टेकला कीं डाव आटोपला. पाजित्नोव्ह यांच्या यंत्राला चित्रें काढतां येत नसत, म्हणून त्यांनीं कंसाच्या चिन्हांचे चौकोन केले होते. या खेळाचे हक्क पुढें सोव्हिएत सरकारच्या हातीं गेले आणि जगभर लक्षावधि प्रती खपत असतां कर्त्याला त्यांतलें कांहींहि मिळालें नाहीं. त्याच्या पदरीं १९९६ पासून कांहीं पडूं लागलें. असो.

तर १९९२ सालीं माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा शालान्त परीक्षेला बसावयाचा होता. त्याच्या मामानें अमेरिकेहून ही डबी आणली. आपल्याकडे त्या दशकांत 'ब्रिक गेम' म्हणून हिचीं स्वस्त भावंडें पुढें गल्लोगल्लीं विकलीं गेलीं, परंतु त्या वेळीं आमच्या आळींत ही एकटीच होती. मुलगा रात्रीं माजघरांतल्या दिव्याखालीं बसूं लागला. मीं विचारलें तर म्हणाला, "काका, गुण लाखाच्या वर गेले कीं रॉकेट उडतं. काल मीं पाहिलं." दाखव म्हटलें तर दाखवीना, कारण या डबींत गुणांची नोंद राहत नाहीं, कळ बंद केली कीं सगळें पुसलें जातें. ही मला शुद्ध थाप वाटली. मीं डबी कपाटांत कुलुपांत घातली. परीक्षा झाली, निकाल चांगला लागला (तो माझ्या कुलुपामुळें लागला असें मी कांहीं वर्षें सांगतहि असें), आणि मुलगा वसतिगृहांत गेला. मीं डबी बंधूंच्या हवालीं केली, त्यांनीं ती रुमालांत गुंडाळून ट्रंकेंत ठेवली. मुलाला ती परत द्यावयाची राहून गेली. आज तो अमेरिकेंत आहे आणि त्याच्या स्वतःच्या मुलीला शालान्त वय लागलें आहे.

थोरले बंधु गेल्या वर्षीं भाद्रपदांत गेले. सकाळीं परसांत पारिजातकाचीं फुलें वेंचतांना वांकले, ते तसेच पुढें कोसळले. वहिनी चार पावलांवर परडी घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर येईपर्यंत सर्व संपलें होतें. वहिनी पंचाहत्तरीच्या घरांत आहेत, बोलणें मुळांतच कमी. दिवसवार झाले, पाहुणे गेले, आणि त्या पुन्हा भाजी निवडूं लागल्या, दुधाचा हिशेब लिहूं लागल्या. आम्ही सारे म्हणत होतों, वहिनींनीं फार धीरानें घेतलें.

मार्गशीर्षांतल्या एका रात्रीं दोनच्या सुमारास मी पाणी पिण्यास उठलों, तों माजघरांत दिवा. वहिनी पाटावर बसलेल्या, चष्मा नाकावर, आणि हातांत ती राखी डबी. आवाज अजिबात बंद केलेला. बंधूंची ट्रंक आवरतांना रुमालांत सांपडली होती. सेल काढून ठेवलेले होते म्हणून यंत्र वांचलें. पडद्याच्या डाव्या बाजूच्या दोन उभ्या रेघा तेवढ्या मेल्या आहेत. नातवानें चार सेल घालून दिले आणि कळा समजावून सांगितल्या. हें दोन महिने चाललें होतें, आणि नातवाखेरीज कोणाला पत्ता नव्हता.

मी काय बोललों तें लिहावयास संकोच वाटतो, पण लिहितों. मी म्हणालों, "वहिनी, या वयांत, या दिवसांत, हें शोभतं का? पोरं काय शिकतील?" त्यांनीं मान वर केली नाहीं. पडद्यावरचा तुकडा खालीं टेंकेपर्यंत थांबल्या, मग कळ बंद केली, डबी माझ्या हातांत दिली आणि "बरं, भाऊजी" एवढेंच म्हणून उठल्या. मीं ती त्याच कपाटांत, त्याच कुलुपांत ठेवली. तेहतीस वर्षांत आपली विचार करण्याची पद्धत तसूभरहि सरकली नाहीं याची त्या वेळीं मला लाज न वाटतां उलट समाधान वाटलें, हेंहि नमूद करतों.

पुढच्या तीन रात्रीं परसाच्या ओसरीवर पावलें वाजत राहिलीं. चौथ्या दिवशीं आमच्या सौ. नीं मला गांठलें. म्हणाल्या, "त्या निजत नाहींत. काल पहांटे त्यांना मीं पारिजातकाजवळ उभं पाहिलं. तुम्ही ती डबी परत द्या, नाहींतर मी कुलूप फोडतें." सूनबाईंचें म्हणणें निराळें पडलें. आजींना व्यसन लागेल, डोळे जातील, आणि मुलाला नाहीं म्हणावयास आम्हांला तोंड राहणार नाहीं. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. घरांत एक नियम मुलांना आणि दुसरा वडील माणसांना असला कीं दोन्ही नियम मोडतात, हें मास्तरकींत मीं पुष्कळदां पाहिलें आहे.

मी डबी घेऊन वहिनींकडे गेलों आणि सरळ विचारलें कीं, यांत तुम्हांला काय मिळतें? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, डोळे मिटले कीं ते पडतात. रोज. माझ्या हातांत परडी असते आणि ते पडतात. यानं तें थांबतं असं मी म्हणत नाहीं. पण तासभर खेळून निजलें, तर मिटल्या डोळ्यांपुढें या विटा पडत राहतात. विटा पडेनात बापड्या. त्यांचं मला कांहीं वाटत नाहीं."

मी डबी त्यांच्या पुढ्यांत ठेवून बाहेर आलों.

मास्तराला एकदां चूक कळली कीं तो पुस्तकांकडे धांवतो. मला असें आढळलें कीं, वहिनींना मिटल्या डोळ्यांपुढें ज्या विटा दिसतात त्या फार थोर ठिकाणीं मोजल्या गेल्या आहेत. हार्वर्डचे रॉबर्ट स्टिकगोल्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. सत्तावीस माणसांना तीन दिवसांत सात तास टेट्रिस खेळावयास लावून, झोंप लागतां लागतां काय दिसतें तें विचारलें. पुष्कळांना तुकडे पडतांना दिसले. त्यांतले पांच जण स्मृतिभ्रंशाचे रोगी होते. आपण हा खेळ खेळलों हेंच त्यांना आठवत नव्हतें. तरीहि त्यांतील तिघांना मिटल्या डोळ्यांपुढें तुकडे दिसले. म्हणजे ज्याची आठवण नाहीं त्याचेंहि चित्र राहतें.

दुसरा प्रयोग ऑक्सफर्ड येथील एमिली होम्स यांचा, २००९ सालचा. चाळीस जणांना भीषण अपघातांचीं दृश्यें दाखविलीं. अर्ध्या तासानें निम्म्यांना दहा मिनिटें टेट्रिस खेळावयास दिला, निम्मे नुसते बसून राहिले. पुढील आठवड्यांत तीं दृश्यें न बोलावतां डोळ्यांपुढें येण्याचें प्रमाण खेळलेल्यांत पुष्कळ कमी होतें; पण काय पाहिलें हें त्यांना इतरांइतकेंच नीट सांगतां येत होतें. कारण असें मानतात कीं, मनाचा जो भाग आकृति फिरवून पाहतो त्याच भागांत तें दृश्य ठसावयाचें असतें, आणि एका वेळीं दोन कामें त्याला पेलत नाहींत. पुढच्या वर्षींच्या प्रयोगांत शाब्दिक प्रश्नोत्तरांचा खेळ देऊन पाहिला, तर त्याचा असा गुण आला नाहीं. तिसरी गोष्ट २०१७ ची. ऑक्सफर्डच्याच एका रुग्णालयांत वाहनांच्या अपघातांतून आलेल्या एकाहत्तर माणसांवर हें पाहिलें. अपघातानंतर सहा तासांच्या आंत जे खेळले, त्यांना पहिल्या आठवड्यांत अशा नकोशा आठवणी सुमारें ६२ टक्क्यांनीं कमी आल्या.

परंतु येथें घाई करूं नये. हे प्रयोग अर्ध्या तासाचे, सहा तासांचे आहेत. वहिनींनीं डबी हातीं घेतली ती महिन्यानंतर. शिवाय ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांनीं चाळीसांहून अधिक वर्षांचा सहचर गमावलेला नव्हता. म्हणून मीं आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनाहि विचारलें. त्यांनीं वहिनींशीं तासभर एकांतांत बोलून, झोंपेची वेळ ठरवून दिली, दर पंधरवड्यास येऊन भेटावयास सांगितलें, आणि खेळ बंद करूं नका म्हणाले. कोणा वाचकाच्या घरीं असेंच कांहीं असेल तर आधीं डॉक्टर आणि मग डबी, एवढें मी सांगेन.

घराचा तंटा मात्र असा मिटला : डबी आतां कुलुपांत नाहीं, माजघरांतल्या कोनाड्यांत उघड्यावर असते. नातवाला संध्याकाळीं अर्धा तास, वहिनींना रात्रीं एक तास. नातू या जुन्या डबीकडे फारसा वळत नाहीं. त्याला रंगीत पडद्यावरचे, तीन सारखे चौकोन जुळले कीं फटाक्यासारखे उडणारे खेळ आवडतात. वहिनींनीं ते एकदां पाहिले आणि "फार गलबला" म्हणून परत केले.

मीं स्वतः हा खेळ शिकलों तो गणिताच्या आडवाटेनें. हायडी बर्गील या गणिती बाईंनीं १९९७ सालीं एक निबंध लिहिला. सातांपैकीं दोन तुकडे वांकड्या नागमोडी आकाराचे आहेत, एक डावा, एक उजवा. हे दोनच जर आळीपाळीनें येत राहिले, तर खेळणारा कितीहि कुशल असो, सत्तर हजार तुकड्यांच्या आंत त्याचा डाव संपलाच पाहिजे, असें त्यांनीं सिद्ध केलें. आणि तुकडे खरोखर वाटेल तसे येत असतील, तर पुरेसा वेळ दिल्यास अशी ओळ केव्हां तरी येणारच. सिद्धता मला फार सुंदर वाटली. मीं ती वहिनींना कागदावर काढून दाखविली. त्यांनीं ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "म्हणजे हरायचं तें ठरलेलंच आहे. मग भाऊजी, तुम्ही इतके घाबरून कां खेळतां?"

घाबरून खेळतों हें खरें आहे. माझे अंगठे उशिरां वळतात. वहिनींचे वळतात, जन्मभर मोदक वळलेले हात आहेत. डबी गुण लक्षांत ठेवीत नाहीं म्हणून त्या दुधाच्या वहींत शेवटच्या पानावर रोजच्या ओळी मांडून ठेवतात. कार्तिकांत तीस-चाळीस अशा असत. या फाल्गुनांत एकदां एकशें दोन आहेत. मधल्या कांहीं तारखांपुढें नुसती रेघ आहे. त्या रात्रीं खेळल्या नाहींत कीं खेळवलें नाहीं, तें मीं विचारलेलें नाहीं.

गेल्या रविवारीं अमेरिकेहून पुतण्याचा फोन आला. आई काय खेळते हें त्याला इतक्या दिवसांनीं कळलें होतें. आधीं बराच वेळ कांहीं बोलला नाहीं, मग त्यानें मला फोनवर बोलावून विचारलें, "काका, रॉकेट उडालं का?" मीं नातवाकडून खात्री करून घेतली आहे. लाखावर गुण गेले कीं रॉकेट उडतें. तसें मीं त्याला सांगितलें, आणि १९९२ सालची त्याची क्षमा मागितली. तो हंसला. म्हणाला, "आईला सांगा, लांब काठीची वाट पाहत एक बाजू मोकळी ठेवायची."

मीं निरोप सांगितला. वहिनी म्हणाल्या कीं, तें त्यांना माहीत आहे, आणि येतांना चार सेल आणावे.