बारावीचे गणित, तालुक्याचा क्लास आणि पेरणीचे पैसे

जून उजाडला की शेतकऱ्याच्या दारात दोन खर्च एकाच आठवड्यात येऊन उभे राहतात. एक बी-बियाणे आणि खताचा, दुसरा पोरांच्या शिक्षणाचा. त्यातून मुलगा किंवा मुलगी बारावी सायन्सला असेल, तर गणिताच्या क्लासची फी आणि डीएपीचे पोते यांच्यात ओढाताण सुरू होते. कृषी सेवा केंद्रवाला ओळखीवर दोन महिने थांबतो, क्लासवाला थांबत नाही. मग सोसायटीच्या पीककर्जातले पैसे कुठे जातात, हे गटसचिवांना कोणी सांगायला नको.

शिक्षणावर खर्च करू नये असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु बैल घेताना चार बाजार फिरणारा, दात पाहणारा, औताला जुंपून बघणारा आपला माणूस क्लास ठरवताना मात्र चौकातला फलक पाहतो आणि पैसे भरून मोकळा होतो. क्लास चालतो कसा हे पाहतो. आपल्या पोराला काय येत नाही, हे पाहत नाही.

आधी हे गणित आहे तरी काय ते पाहू. बारावी सायन्सच्या गणिताच्या पुस्तकाचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागात आठ प्रकरणे, आणि त्यातली सहा कॅल्क्युलसची: डेरिव्हेटिव्ह, त्याचे उपयोग, इंटिग्रेशनची तीन आणि डिफरन्शियल इक्वेशनचे एक. इंजिनीअरिंगला जायचे तर राज्याची सीईटी २०० गुणांची. त्यात फिजिक्सला ५०, केमिस्ट्रीला ५० आणि एकट्या गणिताला १०० गुण. अभ्यासक्रमाचा साधारण ८० टक्के भार बारावीवर. म्हणजे कॅल्क्युलस कच्चे राहिले तर सीईटीत मोठा खड्डा पडतो. पालकांची धास्ती खोटी नाही.

मात्र एक गोष्ट घरातच आधी ठरवावी. मुलाला डॉक्टर व्हायचे असेल तर नीटला गणित नसते. बी.एस्सी. ॲग्रीला बायॉलॉजी गटातूनही जाता येते. कृषी अभियांत्रिकीला मात्र गणित लागते. 'दोन्ही ग्रुप असू देत, पुढचं पुढं बघू' असे म्हणून चारही विषयांचे क्लास लावणारी घरे गावोगाव आहेत. त्यात पोराची ओढाताण होते आणि गणिताच्या फीचे पैसे वाया जातात ते वेगळेच.

गणित लागणारच असेल, तर आता मुख्य मुद्दा. पोरगं म्हणतं, 'मला इंटिग्रेशन जमत नाही.' बहुतेक वेळा अडचण इंटिग्रेशनची नसतेच. उदाहरण घ्या. 'एक भागिले एक्स वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा' याचे इंटिग्रेशन करायचे आहे. सूत्र पोराला पाठ असते. पण आधी खालच्या पदावलीचे 'एक्स अधिक दोन' आणि 'एक्स अधिक तीन' असे अवयव पाडावे लागतात, आणि तिथेच गाडी रुतते. अवयव पाडणे हे माध्यमिक शाळेतले काम. काही मुलांचे त्रिकोणमितीत अडते, काहींचे अकरावीच्या लिमिटमध्ये. अकरावी हे 'आरामाचे वर्ष' समजण्याची खोड आपल्याकडे आहे, तिची वसुली बारावीत होते. अशा मुलाला मोठ्या शहरातला नामांकित सर काय कामाचा? तो पहिल्या दिवशी अवघड गणितापासून सुरुवात करणार. या पोराला पाहिजे दोन महिने मागचे पक्के करून घेणारा मास्तर. तो कदाचित शेजारच्या गावात राहणारा निवृत्त हायस्कूल शिक्षकही असू शकतो.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले पोर अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत पडते. 'चढता', 'उतरता' हे ज्याला कळते, तो 'इन्क्रीजिंग फंक्शन' म्हटले की बिचकतो. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न मराठीतून मिळतात, पण गणिताचा पेपर इंग्रजीतूनच असतो. म्हणून अर्थ मराठीत समजावून लिहिणे इंग्रजीत करून घेणारा शिक्षक हवा. नुसता मराठीत गोड बोलणाराही उपयोगाचा नाही आणि नुसता इंग्रजी फळा भरणाराही नाही.

आता शिक्षक पारखायचा कसा? बापाला कॅल्क्युलस येत नसले तरी हे जमते. मुलाच्या चुकलेल्या गणितांची वही घेऊन जावे आणि सरांपुढे ठेवावी. जो सर वही उघडून 'हा इथे, या ओळीत चुकतोय आणि नेहमी असाच चुकतोय' असे सांगेल तो कामाचा. जो वही न उघडताच 'काळजी करू नका, आपल्याकडे सगळं होतंय' म्हणेल, त्याचा चहा घेऊन परत यावे. दुसरे, 'सर, डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय?' असे सरळ विचारावे. टाकीत पाणी पडतेय, पातळी वर चढतेय, तर नेमक्या या क्षणाला ती किती वेगाने चढतेय ते म्हणजे डेरिव्हेटिव्ह. असे काहीतरी पायाशी धरून सांगणारा मुलालाही तसेच सांगेल. 'घात खाली आणायचा, घातातून एक वजा करायचा, पाठ करायचं' एवढेच सांगणारा शिक्षक पाठांतर करून घेईल, आणि प्रश्न जरा फिरवून आला की पोर कोरे. आठवडाभर बसून पाहू द्या, असे म्हणावे. चांगला शिक्षक नाही म्हणत नाही. मात्र नंतर निकाल मुलाला विचारावा, शेजाऱ्याला नाही.

परीक्षा कोणती, यावरही शिक्षक बदलतो. बोर्डाच्या ८० गुणांच्या लेखी पेपरला पायरी-पायरीने लिहिलेले उत्तर लागते. सीईटीला ९० मिनिटांत ५० प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत, तिथे वेग लागतो. जेईई मेनला चुकीचा एक गुण वजा होतो, तिथे खोली आणि संयम दोन्ही लागतात. 'तिन्ही एकाच बॅचमध्ये' असे सांगणाऱ्याला, आठवड्यात कोणत्या परीक्षेला किती तास देता, ते विचारावे.

फलकांविषयी. दहा-बारा फोटो, खाली पर्सेंटाइल. त्यातली किती पोरे वर्षभर तिथे शिकली आणि किती जण फक्त शेवटच्या सराव परीक्षेला बसली, हे फलक सांगत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याबाबत नियमावली काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायचा तर निकालानंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कोणता कोर्स किती काळ केला हेही जाहिरातीत सांगायला हवे. तालुक्याच्या चौकातले फलक या नजरेने एकदा वाचून पाहावेत.

त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने क्लासेससाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. शिकवणारा किमान पदवीधर असावा, फीची पावती द्यावी, पूर्ण फी भरून मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, कॉलेजच्या वेळेत क्लास घेऊ नये, असे त्यात आहे. गोम अशी की ही तत्त्वे पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत आणि अंमलबजावणी राज्याच्या हाती. घरातल्या ओटीवर पंधरा पोरे घेणारा सर त्यात येत नाही. म्हणून फी एकरकमी भरूच नये. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर भारतात एका बड्या क्लासच्या शाखा ऐन परीक्षेच्या तोंडावर बंद पडल्या, फी भरलेले पालक दारात उभे राहिले. थोडे पेरणीला, थोडे दिवाळीला सोयाबीन निघाल्यावर, थोडे जानेवारीत. असे हप्ते लिहून घ्यावेत. मोठ्या क्लासला १८ टक्के जीएसटी लागतो. तो आकारला असेल तर बिलावर नोंदणी क्रमांक आहे का, ते बघावे.

पोरांना लातूरला पाठवावे का, हा नेहमीचा प्रश्न. लातूर पॅटर्नने खेड्यातली हजारो मुले पुढे गेली, ते नाकारण्याचे कारण नाही. पण तिथे धावणाऱ्यांबरोबर धावावे लागते. ज्याचा पाया पक्का आहे त्याने जावे. कच्च्या पोराला तिथे टाकले तर खोलीभाडे, मेस आणि फी भरून ते मागच्या बाकावर बसून राहते, आणि घरी सांगत नाही. मोबाईलवरच्या व्हिडिओंचेही तसेच. समजावून सांगणारे काही खरेच उत्तम आहेत, फुकटही आहेत. फक्त मोबाईल पोराची वही तपासत नाही.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी एक सूचना. गावात बारावी गणिताची पोरे सहा-सातच असतात, म्हणून शिक्षक येत नाही. चार गावांची मिळून पंचवीस होतात. एका गावची अभ्यासिका किंवा शाळेची खोली संध्याकाळी उघडली, फळा, पंखा आणि उजेड दिला, तर आठवड्यातून तीन दिवस तालुक्याचा शिक्षक यायला तयार होतो, आणि त्याची फी पालकांत वाटली जाते. मुलींच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचे. बारावीपर्यंतच्या मुलींना कॉलेजला जायला एस.टी. मोफत आहे, पण क्लास सुटतो सात वाजता आणि शेवटची गाडी गेलेली असते. कित्येक मुलींचे गणित या कारणानेच सुटते. बॅचची वेळ ठरवताना आगारातले वेळापत्रक समोर ठेवावे, किंवा गाडीची वेळ अर्ध्या तासाने पुढे करण्यासाठी ग्रामसभेचा ठराव करून तो आगारप्रमुखांकडे द्यावा. जुलैत दिला तर दिवाळीपर्यंत काहीतरी हालचाल होते.