वास्तू ‘तथास्तु’ म्हणेल का?

घरात अभद्र बोलू नये, वास्तुपुरुष सदैव ‘तथास्तु’ म्हणत असतो, अशी श्रद्धा मराठी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली आहे. घर उभारताना जे पेरले जाते, त्याचेच फळ पुढे त्यात राहणाऱ्यांच्या पदरी पडते, हा या श्रद्धेचा मथितार्थ. आज या श्रद्धेचे स्मरण करण्याची वेळ आली आहे. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक येथील असंख्य जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्था पुनर्विकासाच्या निर्णयापर्यंत येऊन ठेपल्या आहेत. त्यांच्या सर्वसाधारण सभांमध्ये चर्चा होते ती वाढीव चटईक्षेत्राची, कॉर्पस निधीची, बांधकामाच्या काळातील घरभाड्याची आणि गाडीच्या जागेची. मध्यमवर्गीय माणसाची आयुष्यभराची पुंजी घरातच गुंतलेली असल्याने हे प्रश्न गैर नाहीत. मात्र आज करारावर स्वाक्षरी करणारा पंचेचाळिशीचा सभासद त्याच वास्तूत वृद्ध होणार आहे, हे सभेत कोणी बोलत नाही.

याची फळे काय असतात, हे शोधण्यास दूर जावे लागत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिलेल्या, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींत ती घरोघरी दिसतात. गुडघे कुरकुरू लागले की आधी मंडई सुटते, मग वाचनालय, मग देवदर्शन. शेवटी आजींचे जग खिडकीच्या गजांपुरते उरते. रुग्णालयात न्यायची वेळ आली की खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवायचे! ज्येष्ठांचा आदर हा हिंदू कुटुंबव्यवस्थेचा कणा असल्याचे व्यासपीठावरून अभिमानाने सांगितले जाते आणि त्याच ज्येष्ठांना साठ-सत्तर पायऱ्या घरात कोंडून ठेवतात. यात मुला-सुनांचा दोष नाही. दोष आराखड्याचा आहे आणि तो कागदावर असतानाच टाळता आला असता.

पुनर्विकासात लिफ्ट येते, मग प्रश्न उरला कोठे, असे कोणी म्हणेल. नव्या इमारतींच्या प्रवेशद्वाराशी जाऊन पाहावे. लिफ्टपर्यंत पोहोचण्याआधी तीन-चार पायऱ्या असतात. गाड्यांना तळघरात नेण्यासाठी ऐसपैस उतार असतो, चाकाच्या खुर्चीसाठी मात्र नसतो. न्हाणीघराचे दार इतके अरुंद की खुर्ची आत जातच नाही. वास्तविक गणित साधे आहे. एक फूट उंची चढण्यासाठी बारा फूट लांबीचा उतार, सुमारे तीन फूट रुंदीचे दार, खुर्ची वळण्यासाठी पाच फुटांची मोकळी जागा, न्हाणीघरात आधाराचा दांडा आणि न घसरणारी फरशी. नकाशावर या गोष्टींचा खर्च नगण्य असतो. इमारत उभी राहिल्यावर तोडफोड करून त्या करायच्या, तर तोच खर्च अवाढव्य होतो.

कायदा नाही म्हणून हे घडत आहे, असेही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग आणि १० कोटींहून अधिक ज्येष्ठ नागरिक होते. १९९५ मध्ये दिव्यांगांसाठी पहिला व्यापक कायदा झाला. ३ डिसेंबर २०१५ रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ सुरू झाले. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे ७ प्रकार २१ वर नेले, सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीस परवानगी देऊ नये असे बजावले आणि जुन्या सार्वजनिक इमारतींच्या सुधारणेसाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत जून २०२२ मध्ये उलटली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरेशा नाहीत, किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत निश्चित करावेत. ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला, हे स्वागतार्हच. मात्र शब्द बदलल्याने पायऱ्यांचा उतार होत नाही.

सुगम्यतेइतकाच प्रकाश, हवा आणि उष्णतेचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. गोवंडीतील नटवर पारेख संकुलासारख्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींमधील अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. खालच्या मजल्यांवर भरदिवसा दिवा लावावा लागतो. तेथील क्षयरोगाचा प्रकाश व वायुवीजनाच्या अभावाशी असलेला संबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिला. झोपडीतून पक्क्या घरात आणलेला बांधव तेथे आजारी पडत असेल, तर त्याला पुनर्वसन कसे म्हणावे? समरसतेचा विचार मांडणाऱ्यांना हा प्रश्न अस्वस्थ करणारा वाटला पाहिजे. दुसऱ्या टोकाला, थंड प्रदेशातील काचेच्या इमारतींची नक्कल उष्ण भारतात चालली आहे. आधी काचेतून ऊन आत घ्यायचे आणि मग ते बाहेर घालवण्यासाठी अहोरात्र वातानुकूलन यंत्रे चालवायची, याला प्रगती म्हणणे कठीण आहे. निवासी इमारतींचे बाह्यांग उष्णता रोखणारे असावे, यासाठी केंद्राने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ तयार केली. सर्वसामान्य ग्राहकाने तिचे नावही ऐकलेले नसते.

या देशातील कारागिरांना हे शास्त्र ठाऊक होते. देशावरील वाड्याचा चौक प्रकाश आणि वारा घरभर खेळवीत असे; जाड भिंती दुपारचे ऊन थोपवीत. कोकणातील जांभ्याचे घर, उतरते कौलारू छप्पर आणि पडवी ही मुसळधार पावसाशी जमवून घेतलेली रचना होती. तथापि, परंपरेचा गौरव डोळसच हवा. त्याच वाड्यांत उंच उंबरठे, अंधारे जिने आणि धुराने कोंदलेली स्वयंपाकघरे होती, आणि त्यांचा भार घरातील स्त्रियांनी सोसला. वाडा जसाच्या तसा परत आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. घ्यायचे ते त्यामागील तारतम्य. स्वयंपाकघराची दिशा कोणती, हे कसोशीने पाहणारे गृहस्थ शयनगृहात समोरासमोर वारा खेळतो का, हे विचारत नाहीत. तेव्हा वास्तुशास्त्राचे कवच हाती राहते आणि गाभा निसटतो.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनाची मांडणी केली. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा यांचा समुच्चय म्हणजे माणूस, हे त्याचे सूत्र. हाच निकष वास्तूला लावला तर निवारा देऊन तिचे कर्तव्य संपत नाही. शेजाऱ्यांना एकत्र बसण्यास कट्टा, मुलांना खेळण्यास अंगण, झाडाची सावली, पावसाचे पाणी जिरण्यास मोकळी माती या चैनीच्या वस्तू नव्हेत. आणि अंत्योदयाचा अर्थ येथे इतकाच की, आराखड्याचा विचार धट्ट्याकट्ट्या माणसापासून नव्हे, तर सर्वांत दुर्बळ रहिवाशापासून सुरू व्हावा. जे त्याला सोयीचे, ते गर्भवतीला, कडेवर मूल असलेल्या आईला आणि गॅसचे सिलिंडर पोहोचवणाऱ्या कामगारालाही सोयीचेच असते.

सुरुवात मात्र स्वतःपासून हवी. मंदिरे, मंगल कार्यालये, संस्थांची सभागृहे, विचार परिवारातील कार्यालये यांपैकी किती ठिकाणी चाकाच्या खुर्चीतील कार्यकर्ता कोणाच्याही हाताशिवाय आत येऊ शकतो? सप्तशृंग गडावर २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली. जगदंबेचे पावित्र्य त्यामुळे उणावले नाही, दर्शनाला मुकलेले भाविक मात्र तिच्या पायाशी पोहोचले. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात समरसता, कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्व-बोध आणि नागरिक कर्तव्य हे पाच विषय आहेत. ते पाचही एका इमारतीच्या आराखड्यात एकत्र येतात. कार्यकर्त्यांना याहून जवळचे कार्यक्षेत्र कोठे मिळणार?

येत्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक सभासदाने चटईक्षेत्राच्या प्रश्नासोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत. रस्त्यापासून स्वतःच्या खोलीपर्यंत एकही पायरी न चढता जाता येईल का? दिवसा दिवा न लावता घरात वावरता येईल का? पडणाऱ्या पावसाचे पाणी आवारात जिरेल का? उत्तरे तोंडी न घेता करारात लिहून घ्यावीत. अशा घराची वास्तुशांत होईल तेव्हा वास्तुपुरुषाच्या ‘तथास्तु’चे भय वाटण्याचे कारण उरणार नाही.