गाडीचा दिवा मंद का पडतो?



खते, बियाणे, औषधे यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. हल्ली पुष्कळ घरांपुढे पिकअप नाहीतर मोटार उभी असते. पहाटेच्या लिलावाला भाजी न्यायची तर मध्यरात्रीच निघावे लागते. गळिताच्या हंगामात त्याच रस्त्याने बैलगाड्या आणि उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात, आणि त्यांच्या मागे दिवा असेलच असे नाही. आपला दिवा अंधुक असला तर ट्रॉली दिसते ती अगदी पुढ्यात आल्यावर.

दिवा मंद पडला की आपण जास्त वॉटचा बल्ब आणतो. हे करू नका. बऱ्याच गाड्यांत 60/55 वॉटचा हॅलोजन बल्ब असतो. अप्परला 60, डिपरला 55. तिथे 100/90 चा बसवला तर वायर तापते, होल्डर वितळतो, आणि मूळ दुखणे राहते ते राहतेच.

हे दुखणे पुष्कळदा अर्थिंगचे असते. बॅटरीतून दिव्यात आलेल्या विजेला परत जायला वाट लागते. ती वाट म्हणजे गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेली वायर. पाटात मध्येच गाळ साचला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. तसा या स्क्रूखाली गंज धरला की दिव्याला वीज कमी पडते. विजेचा दाब दहा टक्के उतरला तर हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो!

पारख सोपी आहे. दिवा लावा. एका लांब वायरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला धरा आणि दुसरे, दिव्याची अर्थची वायर पत्र्याला जिथे आवळली आहे तिथे त्या वायरीच्या टोकाला टेकवा. उजेड वाढला तर स्क्रू काढून गंज कागदाने घासा व पुन्हा घट्ट आवळा. धन टोकाला मात्र वायर लावायची नाही. दसऱ्याला गाडी धुऊन आपण हार घालतोच, त्याच दिवशी हेही उरकावे.

दोन्ही दिवे मंद असून ॲक्सिलरेटर दाबताच उजळत असतील, तर बॅटरीची टोके किंवा सैल पट्टा पाहा. बल्ब वरचेवर उडत असेल तर दाब जादा येतो आहे. रेग्युलेटर तपासून घ्या. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये, कापडाने धरावा. गाडी धान्याच्या खोलीशेजारी उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही बघा. दिव्यात पाणी शिरून आतला आरसा काळवंडला असेल तर बल्ब बदलून उपयोग नाही, दिवाच बदलावा लागतो.

आता समोरच्याचा विचार. मागे माल भरला की गाडीचे तोंड वर होते आणि आपला डिपरसुद्धा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगजवळ 0, 1, 2, 3 असे आकडे असलेली एक लहान चकती असते. ती कशासाठी आहे हे गाडीवाल्यांनाच ठाऊक नसते! आकडा वाढवला की दिव्याचा झोत खाली येतो. माल भरला की ती फिरवा, रिकामे परतताना पुन्हा शून्यावर आणा.