उतरता न येणाऱ्यांचे प्रवासवर्णन

सायकलीचे पॅडल हा साहित्यचर्चेचा विषय होऊ शकत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी अलीकडची मराठी सायकल-प्रवासवर्णने लक्ष देऊन वाचावीत. त्यांत किलोमीटर असतात, सरासरी वेग असतो, चढाईची बेरीज असते, हृदयाचे ठोकेही असतात. गावांची नावे येतात ती मैलाच्या दगडावर येतात तशी. माणूस क्वचितच येतो, आणि आला तर चहाच्या टपरीपुरता. एवढा प्रदेश पायाखालून जाऊनही लेखकाच्या हाती काही लागलेले नसते. या दारिद्र्याचे खापर सामान्यतः लेखकाच्या संवेदनशीलतेवर फोडले जाते. मला त्याचे एक कारण याहून बरेच खाली, बुटाच्या तळव्याला दिसते. ज्याला सायकलीवरून सहज उतरता येत नाही तो उतरत नाही, आणि जो उतरत नाही त्याच्यापाशी लिहिण्यासारखे फारसे काही नसते.

‘गंभीर’ सायकलस्वाराने आपले बूट पॅडलला जखडलेच पाहिजेत, असा एक संकेत आपल्याकडे नव्याने रूढ झाला आहे. साधे, सपाट पॅडल वापरणारा नवशिका. बुटाखाली क्लीट नावाचा तुकडा स्क्रूने बसवून तो पॅडलमध्ये खटकन अडकवणारा दीक्षित. या दीक्षेचा उगम कोठला? पूर्वी शर्यतीतले सायकलपटू पावलाभोवती धातूचा पिंजरा आणि चामडी पट्टा आवळत. त्या पिंजऱ्याला क्लिप म्हणत. स्कीइंगच्या बुटांची बंधने बनवणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ साली तीच युक्ती सायकलीच्या पॅडलवर आणली. पुढच्याच वर्षी बर्नार्ड हिनो हा फ्रेंच सायकलपटू ती पॅडले वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकला, आणि पिंजऱ्याचे दिवस भरले. शिमानोने १९९० साली डोंगरी सायकलींसाठी तिचा आटोपशीर अवतार काढला. पिंजरा गेला म्हणून या पॅडलला ‘क्लिपलेस’ म्हणू लागले. म्हणजे ज्यात पाऊल अडकते त्याचे नाव ‘क्लिप नसलेले’! भाषेच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटले पाहिजे. बंधनाला बंधनमुक्तीचे नाव मिळाले की त्याविषयी प्रश्न विचारणे अवघड होते.

या पॅडलच्या बाजूने सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद असा की पाय अडकलेला असला म्हणजे पॅडल खाली दाबता येते तसे वरही ओढता येते, आणि त्यामुळे शक्ती वाचते. हा युक्तिवाद प्रयोगशाळेत तपासला गेला आहे. कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सायकलपटूंनी मुद्दाम वर ओढण्याची पद्धत वापरली तेव्हा त्यांच्या शरीराची ऊर्जाक्षमता वाढण्याऐवजी कमी झाली. मॉर्निओ आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात पॅडलचा प्रकार बदलल्याने या क्षमतेत उल्लेखनीय फरक आढळला नाही. हे प्रयोग बेताच्या, सातत्याने राखलेल्या श्रमांचे आहेत. शेवटच्या दोनशे मीटरच्या झेपेत अडकलेला पाय उपयोगी पडतो, हे कोणी नाकारू नये. पण सामान लादून तीन दिवस भटकणाऱ्याच्या आयुष्यात ते दोनशे मीटर येतात कधी?

आता हा प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्याच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) जमिनीवर आणून ठेवू, कारण उपकरणाचा निवाडा हवेत होत नाही. या जिल्ह्यात सायकल घेऊन भटकण्याचा काळ म्हणजे हिवाळा. कॅरेजच्या अवजड पेट्या टाळून सांगाड्याला, दांड्याला आणि सीटमागे पिशव्या बांधायच्या, राहण्या-निजण्याचे सामान त्यांत भरायचे आणि आडवाटांनी हिंडायचे, याला हल्ली बाइकपॅकिंग म्हणतात. त्यासाठी संगमनेरहून अकोले, राजूर करीत भंडारदऱ्याला जाणारी वाट जणू आखूनच दिलेली आहे. पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, प्रवरेच्या खोऱ्यात धुके साचते, आणि त्याच वेळी रस्त्यावर उसाचा हंगाम ऐन भरात असतो. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीची पायाभरणी झाली, तेथे हिवाळ्यातला रस्ता हा प्रथम उसाचा आणि मग इतरांचा असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नसलेली बैलगाडी, रस्त्यावर सांडलेली दवाने ओली पाचटे. समोरून असा डोलारा आला की सायकलस्वाराला रस्त्याची कड सोडून मुरमात उतरावे लागते, आणि पाय जमिनीवर टेकवायला अर्धा क्षण मिळतो. अडकलेला बूट सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवावी लागते. सवयीने ते जमते, हे खरे. पण गारठलेल्या घोट्याला आणि घाबरलेल्या मेंदूला सवय आठवेलच याची हमी कोण देणार?

खाली राहुरी, श्रीरामपूर, नेवाशाकडे वळावे तर दुसरीच अडचण. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी रब्बीच्या आवर्तनात पाटांनी सोडले जाते. ऐन कोरड्या दिवसांत शेतरस्त्यावर पाणी फुटते आणि काळ्या मातीचा चिखल होतो. ही माती ज्यांनी पायाला घेतली आहे त्यांना ती काय चीज आहे हे सांगायला नको. क्लीट आणि पॅडल यांमधल्या बोटभर फटीत ती एकदा बसली की खटका लागत नाही, आणि लागला तर सुटत नाही. सपाट पॅडलला खटकाच नाही. बूट दोनदा आपटला की काम झाले.

आणि थंडी. शर्यतीचे बूट हलके आणि हवेशीर असतात, पायाला घट्ट बसतात. त्यांत जाड लोकरी मोजा कोंबला तर पाऊल आवळले जाते, रक्त नीट फिरत नाही आणि बोटे अधिकच गार पडतात. त्यातून चवड्याखाली बसवलेला धातूचा तुकडा उष्णता बाहेर वाहून नेतो. सपाट पॅडलवर कोणताही बूट चालतो. एक माप मोठा, आत मोज्याला आणि उबदार हवेला जागा ठेवणारा, रात्री तंबूबाहेर घालता येणारा आणि सकाळी डोंगर चढणारा बूट एकच असू शकतो. ज्याला सगळे सामान आपल्याच पायांनी वाहायचे आहे त्याच्या दृष्टीने बुटांचा एक जोड वाचणे ही लहान गोष्ट नव्हे.

‘सपाट’ म्हणजे मात्र ‘कसेही’ नव्हे. साध्या सायकलीबरोबर येणारे गुळगुळीत प्लॅस्टिकचे किंवा झिजल्या रबराचे पॅडल ओल्यात पाऊल सोडून देते, आणि तेवढ्या अनुभवावर अनेक जण सगळ्या सपाट पॅडलांना नापास करतात. चांगल्या सपाट पॅडलवर पोलादी खुंट्या असतात. त्या बुटाच्या रबरात रुततात आणि झिजल्या की बदलता येतात. बैठक चवड्याला पूर्ण आधार देण्याइतकी रुंद, साधारण दहा सेंटिमीटर लांब-रुंद असावी आणि मध्ये किंचित खोलगट असावी. चिखल गळून जाण्यासाठी ती मोकळ्या चौकटीची हवी. थंडीत नायलॉनमिश्रित प्लॅस्टिकचे अंग ॲल्युमिनियमपेक्षा बरे, कारण ते तळव्याची ऊब शोषत नाही. शिवाय ते स्वस्त असते आणि दगडावर आपटले तर सहसा निसटून जाते. आस उघडून ग्रीस भरता येते ना, हे विकत घेतानाच पाहावे. बुटाचा तळवा बेताचा ताठ आणि मऊ रबराचा असावा. जाड दात्यांचा ट्रेकिंगचा बूट खुंट्यांवर नीट बसत नाही. पॅडल बदलताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात एवढे लक्षात ठेवले की पुरे. हे काम गावातला कोणताही सायकल-मेकॅनिक करू शकतो. क्लीटचा हरवलेला स्क्रू मात्र त्याच्या डब्यात सापडणे कठीण.

दोन आक्षेपांची दखल घेतली पाहिजे. पहिला, खडबडीत उतारावर पाय उडतो आणि पोलादी खुंट्या नडगी सोलतात. खरे आहे. उतारावर टाच खाली ठेवावी, वजन पॅडलवर द्यावे. हे शिकावे लागते, आणि खटक्याच्या भरवशावर राहणारा ते शिकत नाही. दुसरा, डोंगरी प्रकारच्या क्लीट तळव्याच्या खाचेत बसतात, त्यामुळे चालता येते. दुकानाच्या फरशीवर येते. रतनवाडीहून रतनगडाच्या वाटेने कातळावरून चढून पाहावे, किंवा बारी गावातून कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांना पाय लावून पाहावा. तेथे धातू दगडावर कुरकुरतो आणि शिडीवर घसरतो. १,६४६ मीटरचे, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर पायथ्यावरून पाहून पुढे जाणे हा ज्याचा प्रवास असेल त्याने खुशाल क्लीट वापराव्यात.

येथे खरा मुद्दा येतो. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर अमृतेश्वराचे शिल्पांनी भरलेले मंदिर आहे, साम्रदजवळ सांदण दरीची भेग आहे, घाटघरला कोकणाकडे कोसळणारे कडे आहेत. यांपैकी एकही गोष्ट सायकलीवर बसून दिसत नाही. सायकल तुम्हांला त्यांच्या दारापर्यंत आणते. पुढे पाय लागतात. प्रवास या क्रियेत उतरण्याला बसण्याइतकेच, किंबहुना अधिक, मोल आहे. जे उपकरण उतरणे महाग करते ते वेगाला मदत करीत असेल, प्रवासाला करीत नाही.

आणि हे नवे शहाणपणही नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ती पूर्ण करून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. लुकच्या खटक्याला तेव्हा सहा दशकांचा अवकाश होता. डर्व्हला मर्फी ही आयरिश लेखिका १९६३ च्या जानेवारीत, युरोपातल्या अत्यंत कडक हिवाळ्यात, एकटी सायकलीवर निघाली आणि त्याच वर्षी दिल्लीला पोहोचली. सायकलीचे नाव तिने डॉन किहोतेच्या घोड्यावरून ‘रोझ’ ठेवले होते. तिचे पुस्तक वाचनीय झाले ते ती ठिकठिकाणी उतरली, राहिली, माणसांच्या घरात शिरली म्हणून. आपल्याकडच्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ तर पायांचाच. तो वेगाने झाला असता तर १८५७ चा एक साक्षीदार आपण गमावला असता.

सपाट पॅडलला नवशिक्याचे ठरवताना आपण आणखी एक गोष्ट करतो. शाळेत जाणारी मुलगी, पहाटे कारखान्याच्या पाळीला निघालेला कामगार, उसाच्या फडाकडे जाणारा तोडणीवाला, या सगळ्यांना ‘सायकलस्वार’ या शब्दातून बाहेर काढतो. चपलेने, कधी अनवाणी पायाने, पिढ्यान्‌पिढ्या सायकल चालवणाऱ्यांचे ज्ञान आपल्या लेखी ज्ञानच राहत नाही. आणि शर्यतीच्या मैदानातला संकेत, तेथील कारणे मागेच ठेवून, आपण प्रमाण म्हणून स्वीकारतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही प्रक्रिया अनोळखी नसावी. समीक्षेतही आपण हेच केले आहे.

तेव्हा या हिवाळ्यात जे अकोल्याकडे निघणार असतील त्यांनी खुंट्यांची सपाट पॅडले लावावीत, जाड मोजे घालावेत आणि सरासरी वेग मोजणारे यंत्र घरी ठेवावे. परत आल्यावर त्यांनी जरूर लिहावे. किती किलोमीटर झाले हे नाही सांगितले तरी चालेल. कोठे कोठे उतरलात तेवढे सांगा.