नादाचे मंत्रालय आणि जमिनीचा प्रश्न

लंडनच्या दक्षिण भागात 'एलिफंट अँड कॅसल' नावाची जुनी कामकरी वस्ती आहे. तेथील गॉन्ट स्ट्रीटवर ओस पडलेल्या एका बस-आगारात २१ सप्टेंबर १९९१ रोजी 'मिनिस्ट्री ऑफ साउंड', म्हणजेच 'नादाचे मंत्रालय', या नावाचे नृत्यगृह उघडण्यात आले. पुढील पंचवीस-तीस वर्षांत या एका नृत्यगृहातून ध्वनिमुद्रिकांची कंपनी, मासिक, परदेशांतील क्लब, व्यायामशाळा आणि भाड्याने द्यावयाची कार्यालये असा विस्तीर्ण व्यापार उभा राहिला. आपल्या दिल्लीतही या नावाचा क्लब काही काळ चालला. भांडवली वृत्तपत्रे ही हकीकत उद्योजकतेच्या विजयाची कथा म्हणून सांगतात. एका होतकरू तरुणाला कल्पना सुचली, त्याने जोखीम पत्करली, बाजाराने त्याचे चीज केले, असा तिचा सारांश असतो.

या कथेत तीन गोष्टी सांगितल्या जात नाहीत. विकला गेलेला माल मुळात कोणी निर्माण केला? फुकट नाचणारे लोक पैसे मोजून नाचण्यासाठी दारात रांग लावून उभे राहतील, अशी परिस्थिती कोणी घडविली? आणि नृत्यगृहाच्या समोरच राहणाऱ्या कष्टकऱ्यांचे पुढे काय झाले? या तीन प्रश्नांची उत्तरे तपासल्याखेरीज करमणुकीच्या भांडवलाचे स्वरूप ध्यानात येणार नाही.

माल कोणाचा?

'हाउस' या नावाने ओळखले जाणारे नृत्यसंगीत १९७७ नंतरच्या काळात शिकागोच्या 'वेअरहाउस' या क्लबभोवती घडले. फ्रँकी नकल्स हा कृष्णवर्णीय वादक तेथे तबकड्या वाजवीत असे. न्यूयॉर्कमध्ये मोटारी ठेवण्याच्या एका जुन्या इमारतीत 'पॅराडाइज गराज' हा क्लब होता. लॅरी लेव्हान याने १९८७ पर्यंत तो गाजविला. या जागांत येणारे बहुसंख्य तरुण कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाचे आणि समलिंगी होते. गोऱ्या, सभ्य समाजाने ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांनी आपल्यापुरता एक निवारा उभा केला आणि त्या निवाऱ्यात हे संगीत जन्माला आले. त्याची साधनेही बाजाराने टाकून दिलेलीच होती. जपानच्या रोलंड कंपनीचे टीबी-३०३ हे यंत्र विक्रीत सपशेल अपयशी ठरले. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या त्याच यंत्रातून शिकागोच्या पोरांनी 'अॅसिड हाउस'चा ध्वनी काढला.

मिनिस्ट्री ऑफ साउंड हे पॅराडाइज गराजच्या नमुन्यावर उभारलेले नृत्यगृह होते, हे त्याचे संस्थापकही नाकारीत नाहीत. त्यांच्यापैकी जस्टिन बर्कमन याने न्यूयॉर्कमध्ये तो क्लब अनुभवला होता. भांडवलाची बाजू जेम्स पालुम्बो या, ईटन आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या व लंडनच्या वित्तव्यवसायात मुरलेल्या गृहस्थाने सांभाळली. उत्तम ध्वनियंत्रणा बसविणे, आरंभी मद्यविक्रीवाचून रात्रभर संगीत चालविणे, ही कामे कौशल्याची होती. त्यात गुन्हा काहीच नाही. प्रश्न वेगळा आहे. अनेकांच्या सामुदायिक निर्मितीवर एकाची मालकी कशी प्रस्थापित झाली?

कायद्याचा हात

ब्रिटनमध्ये १९८८ च्या उन्हाळ्यापासून हजारो तरुण ओसाड गोदामांत आणि शेतांत जमून रात्रभर नाचू लागले होते. तो काळ थॅचरबाईंच्या राजवटीचा होता. खाणी व कारखाने बंद पडत होते, बेकारी वाढली होती आणि त्यामुळेच गोदामेही रिकामी होती. या मेळ्यांतही नफेखोर होते आणि मादक द्रव्यांचा व्यापार होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांतील पुष्कळसे मेळे विनामूल्य होते आणि तेथे परवाना लागत नव्हता.

सरकारने १९९० च्या कायद्याने विनापरवाना करमणुकीसाठीचा दंड वीस हजार पौंडांपर्यंत वाढविला आणि सहा महिन्यांच्या कैदेची तरतूद केली. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन येथे मोठा विनामूल्य मेळा भरला. त्यानंतर वृत्तपत्रांनी गहजब माजविला आणि १९९४ मध्ये फौजदारी न्याय व सार्वजनिक सुव्यवस्था कायदा संमत झाला. उघड्या जागी रात्री शंभर वा अधिक माणसे जमवून मोठ्याने संगीत वाजविणारे मेळे उधळून लावण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. एकामागून एक पुन्हापुन्हा पडणाऱ्या ठेक्यांचे संगीत, अशी त्या संगीताची चक्क व्याख्याच त्या कायद्यात नमूद करण्यात आली.

तेच ठेके, त्याच रात्री, गॉन्ट स्ट्रीटवर तिकीट काढून ऐकले तर ती वैध करमणूक होती. शेतात फुकट ऐकले तर पोलीस कारवाई होती. बाजार आपोआप निर्माण होतो, असे सांगणाऱ्या अर्थपंडितांनी याचा खुलासा करावा. शेतकऱ्यांच्या सामाईक कुरणांना इंग्लंडच्या जमीनदारांनी पार्लमेंटच्या कायद्यानेच कुंपण घातले होते. येथे कुंपण गीतांभोवती पडले, एवढाच फरक.

क्रमावरही मालकी

कुंपण पडल्यावर व्यापार वाढला. १९९३ मध्ये कंपनीने पहिली संकलित ध्वनिमुद्रिका काढली. १९९५ पासून 'द अॅन्युअल' ही वार्षिक मालिका सुरू झाली. इतरांनी रचलेली, इतरांनी वाजविलेली गीते एका पाकिटात बांधून त्यावर आपले बोधचिन्ह छापावयाचे, हा या व्यवसायाचा गाभा होता. तो अत्यंत किफायतशीर ठरला. २००१ मध्ये थ्रीआय या गुंतवणूक संस्थेने दोन कोटी चाळीस लाख पौंड मोजून कंपनीत अल्प हिस्सा घेतला. २०१६ मध्ये ध्वनिमुद्रिकांचा विभाग सोनी या बलाढ्य मक्तेदार कंपनीने विकत घेतला.

मधल्या काळातील एक खटला विशेष बोलका आहे. २०१३ मध्ये कंपनीने स्पॉटिफाय या संगीतपुरवठा संस्थेवर दावा लावला. संस्थेच्या ग्राहकांनी आपापल्या गीतयाद्या बनविताना मिनिस्ट्रीच्या संकलनांची निवड व क्रम उतरवून घेतला, अशी तक्रार होती. गीतांवरील हक्काचा तो वादच नव्हता. गीतांच्या निवडीवर आणि क्रमावर मालकी सांगण्यात आली होती. पुढील वर्षी प्रकरण आपसांत मिटले. ज्या संगीताचा पायाच मुळी दुसऱ्याच्या तबकड्या आपल्या क्रमाने वाजविण्याच्या मोकळिकीवर उभा होता, त्याच संगीताच्या व्यापाऱ्याने क्रमालाही खासगी मालमत्ता ठरविले!

याउलट मँचेस्टरच्या 'हासिएंडा' क्लबचे उदाहरण पाहा. १९८२ मध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्स आणि न्यू ऑर्डर या वाद्यवृंदाने तो उभारला. त्याने त्या शहराच्या संगीताला नवे वळण दिले, पण हिशेबात तो सदैव तोट्यात राहिला आणि १९९७ मध्ये बंद पडला. आज त्या जागेवर त्याच नावाच्या निवासी सदनिका आहेत. संस्कृती घडविणारा बुडाला आणि त्याचे नाव घरबांधणीवाल्यांच्या कामी आले.

एका हिवाळ्यातील दोन निवाडे

आता समोरच्या वस्तीकडे वळू. एलिफंट अँड कॅसल येथे १९७४ मध्ये पूर्ण झालेली हेगेट ही सार्वजनिक गृहवसाहत होती. तीत सुमारे बाराशे घरे होती. 'पुनरुज्जीवना'च्या नावाखाली ती रिकामी करण्यात आली आणि जमीन लेंडलीज या विकासक कंपनीकडे गेली. मूळ आराखड्यातील सुमारे अडीच हजार नव्या घरांपैकी अल्प भाड्याची सार्वजनिक घरे ऐंशीच्या आसपास होती. बाराशेच्या जागी ऐंशी! आपले घर सोडण्यास नकार देणाऱ्या अखेरच्या रहिवाशाला नोव्हेंबर २०१३ मध्ये बेलिफांकरवी बाहेर काढण्यात आले.

त्याच सुमारास नृत्यगृहासमोर एकेचाळीस मजली निवासी मनोरा बांधण्याचा बेत होता. नवे रहिवासी आवाजाविरुद्ध तक्रारी करतील आणि क्लब बंद पडेल, ही मालकांची भीती रास्त होती. स्थानिक कौन्सिलने २०११ मध्ये मनोऱ्याला परवानगी नाकारली. मग तत्कालीन महापौर बोरिस जॉन्सन यांनी प्रकरण आपल्या हाती घेतले. अखेरीस २०१३-१४ च्या हिवाळ्यात तोड निघाली. मनोरा उभा राहावा, पण त्याच्या दस्तऐवजातच क्लबला आवाज करण्याचा कायदेशीर हक्क नोंदविला जावा, असे ठरले. आणि २०१३ च्या शरद ऋतूतच पालुम्बो यांना लॉर्ड सभेचे सदस्यत्व मिळाले. पदवी होती 'साउथवर्कचे बॅरन', म्हणजे त्याच प्रभागाच्या नावाची.

क्लब वाचला याचे आम्हाला दुःख नाही. परंतु एकाच चौकात, एकाच हिवाळ्यात, आवाजाचा हक्क दस्तऐवजात नोंदला जातो आणि चाळीस वर्षांच्या निवाऱ्याचा हक्क बेलिफ मोडून काढतो, तेव्हा कायदा तटस्थ असल्याचा दावा टिकत नाही. दोन भांडवलांच्या भांडणात कायदा मध्यस्थ होतो. भांडवल आणि भाडेकरू यांच्या भांडणात तो हवालदार होतो.

गिरणगावचा आरसा

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. त्याच १९९१ साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची स्थूलमानाने तीन हिश्शांत वाटणी सांगितली होती: एक मोकळ्या जागांसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती आक्रसली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. १९८२ च्या संपात ज्यांनी सर्वस्व गमावले, त्यांच्या गिरण्यांच्या आवारात मॉल, कचेऱ्या आणि पब उभे राहिले. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरील पबला लागलेल्या आगीत चौदा जणांचा बळी गेला. याच गिरणगावात एकेकाळी अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक चाळीच्या चौकात, तिकिटावाचून, हजारोंना जागवीत असे.

परवान्याचा न्यायही तोच. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारने डान्सबारमधील नृत्यावर बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरील हॉटेलांना तीतून सूट दिली. स्वस्त जागेतील नृत्य अनीतीचे, महागड्या जागेतील नृत्य संस्कृतीचे! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा भेदभाव रद्द ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. मधल्या काळात हजारो स्त्रियांची रोजी बुडाली, ती कोणत्याही निकालाने परत आली नाही.

दोन चुकीच्या भूमिका

उद्योजकतेचे पोवाडे गाणारी भूमिका चुकीची आहे, हे वर दाखविले. परंतु पुरोगामी वर्तुळातही एक चुकीची भूमिका रुजली आहे. नृत्यगृह म्हणजे विलासी अधःपात, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्याच्याशी कर्तव्य नाही, असे अनेक प्रामाणिक कार्यकर्ते मानतात. ही भूमिका नकळत पोलिसांच्या बाजूने झुकते. दिवसभर राबलेल्या तरुणाला रात्री चार माणसांत मिसळावेसे वाटणे, नाचावेसे वाटणे, यात अधःपात नाही. त्याची ही गरज आपण नाकारली की ती भागविण्याचा मक्ता तिकीट विकणाऱ्याकडे जातो, आणि आपण केवळ उपदेशक उरतो.

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. सार्वजनिक जमीन विकासकाच्या घशात घालण्याआधी तिच्यावर घरे आणि सभागृहे यांचा पहिला हक्क असावा. वस्तीतील मैदाने व रंगमंच नाममात्र भाड्याने मिळावेत. परवान्याचे नियम स्वस्त आणि महाग जागांना एकच असावेत. पहाटेपर्यंत राबणारे वाढपी, सफाई कामगार, रखवालदार आणि वादक यांना किमान वेतन, घरी पोहोचण्याची सोय आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची खुली वाट मिळालीच पाहिजे. ही कामे आपल्या कामगार संघटनांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आजवर अभावानेच आली आहेत. रात्रीच्या पाळीत काम करणारा हा कामगार असंघटित आहे आणि मुंबईपासून दिल्ली-बंगलोरपर्यंत प्रत्येक शहरात तो आहे. त्याच्यापर्यंत पोहोचणे हे साथींचे तातडीचे काम आहे.