जिभेवाचून रसग्रहण

मराठीच्या प्राध्यापकाला चव सांगता येत नाही, हा आरोप आम्ही प्रथम स्वतःवरच ठेवतो आणि मग इतरांकडे वळतो.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतील एका कारखान्यात मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आम्हा तिघांना व्याख्यानाचे बोलावणे होते. ('पंचतारांकित' हे तेथील वसाहतीच्या दर्जाचे विशेषण आहे; चहा नेहमीच्याच कागदी पेल्यातून मिळतो.) मराठी ज्ञानभाषा कशी होईल यावर आम्ही नेहमीचे बोललो. संध्याकाळी आमचा एक माजी विद्यार्थी, जो मराठीत एम.ए. करून त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे, आम्हांला जेवायला घरी घेऊन गेला. तांबडा-पांढरा रस्सा व्हायला अवकाश होता. तेवढ्यात त्याने फ्रीजमधून नाशिकच्या फेसाळ पांढऱ्या वाइनची बाटली काढली. नवे यंत्र सुरू झाले तेव्हा ती त्याला कोणीतरी भेट दिली होती. यंत्रापुढे अर्थात नारळच फुटला होता.

बूच निघाल्याचा आवाज ऐकून त्याच्या आई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "ही बी दारूच न्हवं का, सर?"

"नाही मावशी, ही वाइन."

"ह्येचे वडील बी वाइन शॉपातनंच आणत हुते की."

एवढे बोलून त्या आत गेल्या. त्यांचे यजमान दारूनेच गेले, हे आम्हांला ठाऊक होते. तिघांची मिळून पन्नासेक वर्षांची अध्यापनसेवा त्या खोलीत बसली होती आणि तिच्यापाशी या बाईंना द्यायला एक नेमका मराठी शब्द नव्हता.

त्यांचे तर्कशास्त्र बिनचूक होते. महाराष्ट्रात 'वाइन शॉप' अशी पाटी जेथे असते तेथे व्हिस्की आणि रम विकली जाते. खरी वाइन असलीच तर वरच्या फळीवर धूळ खात असते. कायदा भेद करतो: वाइन आणि बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे, कडक मद्यासाठी २५. मराठी मात्र तो करत नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा एका बाजूने 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे सांगितले गेले आणि दुसऱ्या बाजूने 'मद्यराष्ट्र' हा शब्द फेकला गेला. वाइनमध्ये बारा-तेरा टक्के अल्कोहोल असते, तेव्हा पहिले विधान खोटे. दुसरा तर निव्वळ श्लेष. हा वाद मुळात शब्दांचा होता, आणि शब्दांवर पोट भरणारे आम्ही सगळे तेव्हा पेपर तपासत होतो.

आमच्या साहित्याने या बाबतीत दोनच दालने बांधली. एकात सुधाकर बसला आहे. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आला आणि पेल्याचा अर्थ कायमचा ठरून गेला. दुसऱ्या दालनात माधव जूलियन. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवणाऱ्या या कवीने उमर खय्याम मराठीत एकदा नव्हे, अनेकदा आणला. 'द्राक्षकन्या' हे त्यातल्या १९३१ च्या पुस्तकाचे नाव. केवढा रसरशीत शब्द! पण वर्गात आम्ही काय सांगतो? मदिरा हे प्रतीक आहे. पेला हे प्रतीक आहे. साकी हेही प्रतीकच. द्राक्ष कोठेच नाही. पुढे १९८०च्या दशकात नारायणगावात फेसाळ वाइन तयार झाली आणि 'ओमर खय्याम' याच नावाने परदेशी विकली गेली. खय्याम वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आम्हांला ही गोष्ट माहीत असू नये, हे आमच्या वाङ्मयेतिहासाच्या जाणिवेचे मोजमाप समजावे.

आणि गंमत अशी की आमचे सगळे दुकान चवीच्याच शब्दांवर चालते. दहावीपासून एम.ए.पर्यंत आम्ही रसग्रहणाला गुण देतो. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरत रस समजावून सांगतो तो जेवणाच्याच दृष्टान्ताने: नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न खाणारा सुमनस पुरुष त्याला आठवतो. आम्ही दृष्टान्त पाठ केला आणि जेवणारा विसरलो. 'आस्वादक समीक्षा' हा शब्द उच्चारताना आमची जीभ कधी ओली होत नाही.

त्या संध्याकाळी पहिल्या घोटानंतर आम्ही तिघे "छान आहे" असे म्हणालो. उत्तरपत्रिकेत याला आम्ही शून्य दिले असते. मग लाज वाटून प्रयत्न केला. गोटीसोडा नाकात जातो तसा हा फेस जात नाही. बारीक आहे, जिभेवर चुरचुरत राहतो. आंबटपणा कैरीचा नव्हे, हिरव्या सफरचंदाचा. गोडी जवळजवळ नाहीच, आणि शेवटी किंचित तुरट. तिसऱ्या घोटाला आम्हांला ती मनापासून आवडू लागली होती, हेही कबूल करतो. पण खाली आणखी एक वास होता, तो कोणालाच धरता येईना. मावशी ताटे मांडायला आल्या, त्यांनी पेला न उचलता नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "आंबोळीच्या पिठागत येतोय."

अगदी तोच. आंबटपणा टिकावा म्हणून द्राक्षे थोडी आधी तोडतात, त्यांची साधी वाइन करतात, मग ती साखर आणि यीस्टसह बाटलीत बंद करून पुन्हा आंबवतात. वायूला बाहेर वाट नसते. आतला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक होतो. बाटली महिनोन् महिने आडवी पडून राहते आणि मेलेले यीस्ट वाइनला हा पिठाचा, पावाचा वास देते. पुढे बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, गाळ मानेशी आणतात, मान गोठवून तो उडवून देतात. ज्या बाईंनी या पेयाला तोंड लावले नाही, त्यांना त्याचे मर्म कळले, कारण आंबवणे त्यांच्या हातचे आहे.

आमचे काही सहकारी याला चंगळवाद म्हणतील. बाटली हजार-दीड हजारांची असते, हे खरेच. गावोगाव बायकांनी मतदान करून दारूची दुकाने बंद पाडली, त्या 'आडव्या बाटली'पुढे आम्ही नम्र आहोत. मावशींनी पेला नाकारला तो त्यांचा अनुभवसिद्ध निकाल आहे आणि त्यावर अपील नाही. पण जे शब्दांत वेगळे करता येत नाही, त्याच्यापासून जपायचे तरी कसे? आणि चव ही श्रीमंतांचीच, असे ठरवून टाकणारे आम्ही कोण? याच कागलच्या आनंद यादवांनी 'झोंबी'त मराठीला भुकेची भाषा दिली. भुकेची भाषा शिकवून आम्ही पदोन्नत्या घेतल्या. भूक भागल्यावर जीभ काय म्हणते, हे विचारायचेच राहिले.

म्हणून अभ्यासमंडळांवर बसणाऱ्या आमच्या मित्रांना एवढेच सांगणे आहे. पुढच्या वर्षी क्षेत्रीय प्रकल्पाला विद्यार्थी पुन्हा त्याच संतांच्या त्याच समाधीकडे पाठवू नका. पलूसच्या वाइन पार्कमध्ये, अकलूजच्या मळ्यांत, दिंडोरीच्या तळघरांत पाठवा. तेथे बाटल्या फिरवणारे, गाळ काढणारे हात मराठी बोलतात. फेसाला, गाळाला, आंबण्याच्या एकेका टप्प्याला ते काय म्हणतात, ते वहीत उतरवून आणू द्या. आणि परतताना वाटेवर ज्या घरी आंबोळ्या होतात तेथेही थांबू द्या.