तारीख पडली म्हणतात, पण दावा कुठे आहे?



तिरुवैयारु म्हटलं की कावेरीचा काठ आणि संत त्यागराजांची आराधना आठवते. तंजावर परिसरात भोसल्यांच्या काळापासून मराठी घरंही आहेत. समजा, अशाच एका घरातल्या आजोबांनी उसने दिलेले पैसे वसूल करायला वकील केला. फी दिली, कोर्टाचा खर्च दिला. विचारलं की उत्तर एकच, "पुढची तारीख पडलीय, आजोबा." आणि एक दिवस कळलं, दावा दाखलच झालेला नाही!

तमिळनाडूत हे खरंच घडलंय. एका बहिऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना आणि त्यांच्या पत्नीला वकिलाने असंच झुलवत ठेवलं. राज्याच्या बार कौन्सिलने त्याची वकिली 6 वर्षं बंद केली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ती शिक्षा 1 वर्षावर आणली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वेगळा विचार केला. वकील घरी बसून गरिबाला काय मिळणार? त्यापेक्षा त्याने गरिबांच्या खटल्यांत मोफत काम करावं आणि पीडिताला 2,500 रुपये द्यावेत. खंडपीठातल्या न्यायमूर्ती सेन यांना मात्र ही सवलत पटली नाही. तुम्हाला कोणाचं पटतं?

आता कामाचं. वकिलाविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये स्पष्ट केलं. पण अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 च्या कलम 35 नुसार राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. तिरुवैयारुच्या माणसासाठी ती चेन्नईत, आपल्यासाठी मुंबईत. तक्रारीत तथ्य वाटलं तर ती तीन जणांच्या शिस्तपालन समितीकडे जाते. समिती ताकीद देऊ शकते, काही काळ वकिली बंद करू शकते किंवा सनद कायमची काढून घेऊ शकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. निकाल पटला नाही तर 60 दिवसांत अपील करता येतं.

एक लक्षात ठेवा, खटला हरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. प्रामाणिक वकीलही हरतात. पैसे घेऊन काम न करणं, खोटं सांगणं, अशिलाचे पैसे दाबून ठेवणं, ही खरी तक्रार. फी बाकी आहे म्हणून कागदपत्रं अडवून ठेवणंही चालत नाही.

त्या म्हाताऱ्या जोडप्याकडे फोन नव्हता, तुमच्याकडे आहे. फी दिल्याची पावती मागा, वकीलपत्राची प्रत ठेवा. दाव्याचा 16 अक्षर-अंकी सीएनआर नंबर घ्या आणि ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये टाका. दावा दाखल झालाय का, पुढची तारीख कोणती, सगळं दिसेल.

आज घरी आजी-आजोबांचा एखादा खटला चालू असेल, तर पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसा आणि तो नंबर शोधून द्या. भेटूया पुढच्या भागात!